वैकल्पिक विषय : स्वरूप, प्रकार आणि कौटुंबिक परिणाम

न्यू जर्सी,
फेब्रुवारी

ती. बाबा व ती. आई यांस


अमेरिकेतील हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. या चार वर्षांत काही विषय घ्यावेच लागतात आणि काही विद्यार्थ्याने स्वतः निवडायचे असतात. या दुसऱ्या प्रकाराला इलेक्टिव्ह म्हणतात. दहावीपर्यंत सगळ्यांना एकच वाट आणि पुढे कला, वाणिज्य, विज्ञान असे तीन फाटे, ही महाराष्ट्रातली रचना येथे नाही. येथे फाटे नववीतच फुटतात आणि दरवर्षी नव्याने फुटतात. एकाच मुलीच्या वेळापत्रकात रसायनशास्त्र, सुतारकाम, स्पॅनिश आणि ट्रम्पेट सुखाने नांदू शकतात. ‘मग आपली नात नेमकी कुठल्या साइडला आहे?’ या तासगावहून वारंवार येणाऱ्या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर ‘कुठल्याच नाही’ असे आहे.

सगळा हिशेब क्रेडिटमध्ये चालतो. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे किमान 40 मिनिटांचा तास आठवड्यातून एकदा, असा वर्षभर झाला की 1 क्रेडिट होते. रोज तास असलेला विषय त्यामुळे 5 क्रेडिटचा ठरतो. हायस्कूल पास होण्यासाठी किमान 120 क्रेडिट लागतात. त्यांपैकी इंग्रजीची 20 आणि गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी 15. व्यायाम व आरोग्य या विषयाची दरवर्षी 3.75. हा आकडा छापखान्याची चूक नाही. कायद्याने आठवड्याला व्यायाम व आरोग्य यांसाठी 150 मिनिटे ठरवून दिली आहेत आणि 150 ला 40 ने भागले की 3.75 येतात. म्हणजे चार वर्षांची 15, आणि ‘पोटात दुखतंय’ ही चिठ्ठी चार वर्षे पुरत नाही. याशिवाय कला 5, परकी भाषा 5, व्यवसायविषयक शिक्षण 5 आणि पैशाचे व्यवहार शिकविणारा अर्ध्या वर्षाचा विषय 2.5. बेरीज 97.5. उरलेली 22.5 क्रेडिट हे विद्यार्थ्याचे मोकळे रान. काही शाळा त्यातही आपले एखाद-दुसरे कुंपण घालतात.

यातली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. कला आणि व्यवसायशिक्षण सक्तीचे आहे, पण कोणती कला आणि कोणता व्यवसाय हे शाळा सांगत नाही. चित्रकला नको असेल तर नाटक घ्या, नाटक नको तर गाणे घ्या. काहीच नको, असे मात्र म्हणता येत नाही. थोडक्यात, आवडीचे काहीतरी असणे येथे सक्तीचे आहे. ज्या पालकांच्या लहानपणी आवड हा सुटीत करायचा प्रकार होता, त्यांना हा नियम समजून घ्यायला मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो.

या पद्धतीचे मूळ दीडशे वर्षे मागे जाते. चार्ल्स एलियट हे 1869 ते 1909 अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते. ठरावीक अभ्यासक्रम बाजूला सारून विद्यार्थ्यांना विषय निवडू देण्याची पद्धत त्यांनी तेथे रुजविली. हायस्कूलमध्ये काय शिकवावे हे ठरविण्यासाठी 1892 साली दहा जणांची समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षही तेच. 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र शिकविण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा आला. पुढच्याच वर्षी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने माध्यमिक शिक्षणाची सात उद्दिष्टे जाहीर केली, त्यांत आरोग्य आणि व्यवसाय यांच्या पंगतीला ‘फुरसतीचा सदुपयोग’ हेही उद्दिष्ट होते. शाळेने मुलांना फुरसत कशी घालवावी हे शिकवावे, या विचारावर बाबांचे मत यापूर्वी फोनवर नोंदविले गेले असल्याने ते येथे पुन्हा दिलेले नाही.

वैकल्पिक विषयांचे ढोबळमानाने पाच प्रकार पडतात.

पहिला प्रकार कलांचा. चित्रकला, मातीकाम, छायाचित्रण, नाटक, गायन, ऑर्केस्ट्रा आणि बँड. महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा शाळेच्या कडेकडेने उरकल्या जातात. येथे मातीकामाला गणिताइतकाच तास, गणितासारखीच श्रेणी आणि प्रगतिपुस्तकात गणिताखालीच जागा मिळते. यांत बँडचे प्रकरण स्वतंत्र आहे. मार्चिंग बँड हा विषय कमी आणि वारी जास्त. शाळा सप्टेंबरात सुरू होते, पण बँडचा सराव ऑगस्टच्या उन्हात मैदानावर सुरू होतो. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला बँड वाजतो आणि पालक पांघरुणे घेऊन थंडीत बसतात. सामना कळत नसला तरी चालते. मध्यंतरानंतर उठणे मात्र वाईट दिसते.

दुसरा प्रकार हाताच्या कामांचा. सुतारकाम, मोटार दुरुस्ती, स्वयंपाक, ड्रॉइंग व डिझाइन हे त्यातले नेहमीचे विषय. सुतारकामात पहिली वस्तू बहुधा भाजी चिरण्याचा पाट असते. त्याआधी सुरक्षेची परीक्षा होते आणि ती पास झाल्याशिवाय करवतीच्या मशीनजवळ उभे राहता येत नाही. ज्या घरात वडिलांनी भिंतीत खिळा ठोकण्यासाठी माणूस बोलावल्याचा इतिहास आहे, त्या घरात मुलीने रंधा मारलेला पाट आणला की वडिलांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न उभा राहतो. स्वयंपाकाच्या वर्गातही सुरुवात स्वच्छतेपासून होते. कोंबडी आतपर्यंत 165 अंश फॅरनहाइटला पोचली की नाही हे थर्मामीटर खुपसून पाहतात. गाजराच्या काड्या एक अष्टमांश इंच जाडीच्या झाल्या की नाही हे पट्टीने मोजतात आणि त्यावर गुण देतात. अंदाज या मापाला अभ्यासक्रमात स्थान नाही. आईंच्या ‘मीठ अंदाजाने’ असे लिहिलेल्या पाककृती त्यामुळे वर्गात सादर करता आल्या नाहीत.

शेती हा याच प्रकारातला विषय, पण त्याचा जोर टेक्सससारख्या राज्यांत अधिक. पशुसंवर्धन, फुलशेती, शेतीची यंत्रे असे त्याचे तुकडे असतात आणि त्याला जोडून एफएफए ही 1928 मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी संघटना काम करते. तिचे निळे कॉर्डरॉयचे जाकीट प्रसिद्ध आहे. विद्यार्थी एखादे जनावर पाळतात, त्याच्या खाद्याचा जमाखर्च ठेवतात आणि जत्रेतल्या प्रदर्शनात ते उभे करतात. टेक्ससमधील आतेभावाच्या मुलाने असाच एक बोकड पाळला आहे. त्याच्या वडिलांनी शेळ्यांमागे जावे लागू नये म्हणून इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला होता, हे तासगावात सर्वांना ठाऊक आहे. मुलाच्या वहीत बोकडाचे वजन, खाद्य आणि औषधे यांच्या नोंदी तारीखवार आहेत. द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी कॅलेंडरच्या मागे करण्याच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत सरस असल्याचे बाबांनाही मान्य व्हावे.

तिसरा प्रकार घरसंसाराचा. याला पूर्वी होम इकॉनॉमिक्स म्हणत, आता मुलगे आणि मुली दोघेही घेतात. यातील बालविकास या विषयाची माहिती विस्ताराने देणे आवश्यक आहे, कारण त्याचे पडसाद तासगावपर्यंत उमटले. या विषयात विद्यार्थ्याला शनिवार-रविवारसाठी एक इलेक्ट्रॉनिक बाहुले घरी देतात. वजन, लुळी मान आणि रडणे या तिन्ही बाबतींत ते खऱ्या तान्ह्या बाळासारखे असते. ते वेळीअवेळी रडते. दूध, ढेकर, लंगोट की नुसते कडेवर घेणे, यांतले काय हवे ते विद्यार्थ्याने ओळखायचे. किती वेळाने उचलले, मानेखाली हात होता की नाही, रागाने हिसडले का, याची नोंद आतले यंत्र ठेवते आणि सोमवारी ती शिक्षकांच्या संगणकावर उतरते. विद्यार्थ्याच्या मनगटाला ओळखपट्टी असते. ती जवळ आल्याशिवाय बाहुले कोणालाही दाद देत नाही. ही तरतूद मदतीला धावणाऱ्या आयांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

या घरी आलेले बाहुले रात्री दोन वाजता रडू लागले तेव्हा तासगावात दुपार होती. विद्यार्थिनीच्या आईने ते खांद्यावर घेतले, थोपटले, खोलीतून फेऱ्या मारल्या. व्हिडिओ कॉलवर आजींनी ‘पोटात वारा धरलाय, ओव्याचा शेक द्या’ असे निदान केले आणि पाठोपाठ अंगाई म्हटली. बाहुल्यावर परिणाम झाला नाही. अंगाईने आजोबांना मात्र झोप लागली. मनगटाला पट्टी बांधलेली विद्यार्थिनी शेजारच्या खोलीत गाढ झोपली होती. सोमवारच्या अहवालात दुर्लक्षाचा शेरा आला. पालक होण्याची घाई करू नये, हा धडा विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हे या प्रयोगाचे उद्दिष्ट आहे. तो धडा या घरी पालकांच्या मनावर ठसला.

चौथा प्रकार अभ्यासू विषयांचा. मानसशास्त्र, गुन्हेतपासाचे विज्ञान, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र इत्यादी. प्रत्येक सरकारी हायस्कूलने संगणकशास्त्राचा विषय उपलब्ध करून दिलाच पाहिजे, असा कायदा न्यू जर्सीत 2018 मध्ये झाला. भारतीय घरांत हा कायदा त्याआधीपासून लागू होता. याच प्रकारात कॉलेज बोर्ड या संस्थेचे एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय येतात. त्यांची परीक्षा मे महिन्यात होते, गुण 1 ते 5 मिळतात आणि चांगले गुण असल्यास अनेक कॉलेजे आपली क्रेडिट देतात. ‘वैकल्पिक घे, पण एपीतलंच घे’ ही सूचना या परिसरातील देशी पालक परस्परांशी न बोलताही एकाच शब्दांत देतात.

त्यामागे एक गणित आहे. बऱ्याच शाळांत साध्या विषयातील ‘ए’ श्रेणीला 4 आणि एपीतील ‘ए’ला 5 गुणांक धरतात. पाच एपी विषयांत ‘ए’ मिळाले तर सरासरी 5 येते. त्यात मातीकाम घेऊन तिथेही ‘ए’ मिळवले तर 29 भागिले 6, म्हणजे 4.83. पहिल्या श्रेणीत पास होऊन सरासरी घसरण्याचा हा चमत्कार पालक एक्सेलमध्ये मांडून दाखवितात. मुले तो पाहून मातीकाम घेतात. महाराष्ट्रातील अकरावीच्या बायफोकलशी याची तुलना उद्‍बोधक ठरेल. तेथे 200 गुणांचा इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषय घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय टळतो आणि सरासरी चढते. म्हणून तेथे निवड आवडीपेक्षा टाळण्यातून होते. येथे निवडीसाठी थोडी सरासरी खर्च करावी लागते.

पाचवा प्रकार भाषांचा. स्पॅनिश, फ्रेंच, कुठे चिनी. शाळांच्या यादीत मराठी सहसा नसते, पण न्यू जर्सीत भाषेची क्रेडिट वर्गात न बसता प्रावीण्य दाखवूनही मिळविता येतात. शिवाय दोन भाषा उत्तम येणाऱ्यांच्या डिप्लोमावर द्विभाषिकतेची मोहोर उमटते. ही प्रथा कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये सुरू केली आणि न्यू जर्सीने 2016 मध्ये स्वीकारली. महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या मराठी शाळा भरलेल्या असतात त्यात या मोहोरेचाही वाटा आहे. परीक्षा ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे अशी चारही अंगांची असते. येथे वाढलेल्या मुलांची ऐकण्याची बाजू भक्कम असते. बोलण्यात आज्ञार्थाचा भरणा दिसतो: ऊठ, आवर, जेव, बंद कर तो फोन. ही सर्व वाक्ये त्यांनी घरी ऐकून, कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय आत्मसात केलेली असतात.

आता निवडीची रीत. हिवाळ्याच्या शेवटी शाळा विषयांची जाडजूड पुस्तिका काढते. विद्यार्थी ती वाचतो, पालक तिच्यातील एपीची पाने वाचतात. नंतर काउन्सेलर विद्यार्थ्याशी बोलतो. पहिल्या पसंतीखाली पर्यायी विषय लिहावे लागतात, आणि त्यांची अवस्था महालक्ष्मी एक्सप्रेसच्या आरएसी तिकिटासारखी असते. पुरेशी मुले आली नाहीत तर विषय रद्द होतो. शेवटी वेळापत्रक जुळवताना ज्या विषयाची एकच तुकडी आहे तो दुसऱ्या तशाच विषयाशी टक्कर घेतो. बँड आणि एपी रसायनशास्त्र दोन्ही चौथ्या तासाला आले की कितीही स्वातंत्र्य असले तरी एकाला रामराम करावा लागतो. वर्ष सुरू झाल्यावर थोडे दिवस विषय बदलता येतो. त्यानंतर सोडल्यास कागदावर त्याची खूण राहू शकते.

यंदा दहावीसाठी विद्यार्थिनीने पुस्तिका वाचून ट्रम्पेट, सुतारकाम आणि स्पॅनिश भरले आहे. पालकांनी सुचविलेले एपी संगणकशास्त्र पर्यायांच्या रकान्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे. फॉर्मच्या तळाशी पालकांच्या सहीची जागा असते. या सहीने निवड बदलत नाही. पालकांना कळविले, एवढीच नोंद शाळेला हवी असते. सही केली आहे.

कळावे.
आपला मुलगा