जादा गाडी

मेहकरात कुणाकडे पाहुणे उतरले की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात काकाजी उभे. बोलावणं लागत नाही. "इथं पाहण्यासारखं काय आहे हो?" एवढं पाहुण्यांनी विचारलेलं रात्रीच त्यांच्या कानी गेलेलं असतं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत चामड्याची पिशवी. एस.टी.तून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पिशवी सुटली नाही. आता तिच्यात सुपारी, चष्मा आणि सुट्टे पैसे असतात. दार उघडताच पहिला प्रश्न, "किती सीट?"

सीट म्हणजे आपण, हे पुण्याच्या जावयाला कळेपर्यंत काकाजींनी डोकी मोजलेली असतात. पोरांकडे पाहून "दोन हाफ" असंही पुटपुटून झालेलं असतं.

जिल्हा दाखवणारी माणसं गावोगावी आहेत. कुणी शाळामास्तर असतो, तो सनावळीनं मारतो. कुणी कवी असतो, तो उसासे टाकतो. काकाजी कंडक्टर. नोकरीभर ते या जिल्ह्याच्या इतिहासातून रोज फेऱ्या मारत आले, पण गाडी थांबायची दहा मिनिटं. त्यामुळे जगातलं कुठलंही स्थळ दहा मिनिटांचंच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. अकराव्या मिनिटाला पाहुणा एखाद्या खांबावरच्या नक्षीशी वाकलेला दिसला की मागून टाळी वाजते. दोनदा. डबल बेल.

फेरी सुटते शारंगधर बालाजीपासून. काळ्या पाषाणाची, अकरा फुटांच्या घरातली ही मूर्ती 1888 साली जमिनीत सापडली. पाहुणे मान वर करून पाहत राहतात. काकाजींना त्या मूर्तीबद्दल आदर आहे, पण थोडी अडचणही वाटते. गाभाऱ्यात मधोमध उभी, आणि 'पुढे सरका' म्हणायची सोय नाही.

मग कंचनीचा महाल. कंचनी नावाच्या नर्तकीनं इतका उंच महाल बांधायला घेतला, की वरून लोणारचा दिवा दिसावा, अशी दंतकथा आहे. हे सांगताना लोकांचा आवाज हळवा होतो. काकाजींचा होत नाही. "लोणार इथून चार टप्पे. तेवढ्यासाठी महाल काहून बांधाव माणसानं? जाऊन याव." एस.टी. 1948 साली सुरू झाली, हे त्यांच्या लक्षात आणून देण्यात अर्थ नसतो. कंचनीची गाडी चुकली, एवढंच त्यांचं मत. याच गावात ना. घ. देशपांडे वकिली करत राहिले, त्यांच्या एका कवितासंग्रहाचं नावच 'कंचनीचा महाल'. त्यांची 'शीळ' ध्वनिमुद्रिकेवर बसून महाराष्ट्रभर गेली, कवी मात्र मेहकरातच. काकाजींनी कविता वाचलेली नाही, पण इतक्या लांब पल्ल्याची गाडी मेहकर डेपोतून दुसरी सुटली नाही हे ते अभिमानानं मान्य करतात.

लोणारला त्यांची खरी पंचाईत होते. कारण ते विवर दहा मिनिटांत बसत नाही. दैत्यसूदनाच्या मंदिरात मूर्तीवरून मूर्तीवर नजर घसरत जाते. मग गोमुखाची धार, मग खाली उतरणं, कमळजादेवी, ते खारं अल्कधर्मी पाणी, आणि पुन्हा तेवढंच वर चढणं. काकाजी काठावर उभे राहून घड्याळ पाहतात. बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघातानं झालेलं असं विवर जगात फार दुर्मीळ, म्हणून अमेरिकेहून शास्त्रज्ञ आले, हे त्यांना ठाऊक आहे. आलेल्यांपैकी काहींची तिकिटं त्यांनीच फाडलीत. पण व्यास म्हणे 1.8 किलोमीटर! एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा. "टप्पाही भरत नाही," ते म्हणतात, "अन् जग पाहायले येऊन राह्यलं."

एकदा भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी त्यांना विवराचं वय समजावून सांगितलं. जुन्या मोजणीनं साधारण 52 हजार वर्षं, नव्या मोजणीनं 5 लाख 70 हजार. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, येवढा फरक माह्या वेबिलात निघाला असता, तं त्याच दिवशी निलंबित झालो असतो."

तळ्याशी त्यांचं आणखी एक भांडण आहे. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं. मीठ वाढलं की तिथले सूक्ष्मजीव रंग धरतात, असा पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेनं खुलासा केला. काकाजींना कारणाशी देणं नाही. टाळेबंदीत सगळ्या गाड्या डेपोत उभ्या असताना गुलाबी व्हायचं हे त्यांना पटत नाही. "दोन महिने थांबलं असतं तं पन्नास जादा गाड्या सोडल्या असत्या." त्याच वर्षी नोव्हेंबरात तळं रामसर यादीत गेलं. त्यानंही गाड्या वाढल्या नाहीत, असं ते म्हणतात.

जादा गाड्या हा त्यांचा धर्म, आणि त्यांच्याकडचं पंचांगही तेच. बारा जानेवारीला सिंदखेडराजा, जिजाऊंचा जन्मदिवस. माघ वद्य सप्तमीला शेगाव, गजानन महाराजांचा प्रकटदिन. होळीला सैलानी. ऋषिपंचमीला पुन्हा शेगाव. दसऱ्याच्या सुमारास देऊळगावराजाचा बालाजी. या जिल्ह्यात किती पंथ नांदतात यावर कुणी व्याख्यान देऊ लागलं की काकाजी मध्येच सांगतात की सैलानीच्या गाडीत दर्ग्याला निघालेल्यांत निम्मे कपाळाला बुक्का लावलेले असत, आणि शेगावच्या गाडीत कचोरीचा वास देवाच्या आधी पोचे. ते सगळे भाविक त्यांना एकाच गोष्टीवरून आठवतात. "सुट्टे कोणाजवळच नसत."

साखरखेर्ड्याला 1724 साली निजामानं मुबारिजखानाला हरवलं आणि हैदराबादचं राज्य उभं राहिलं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते खूप वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "येवढी फौज उतरवली कुठी? तिथं स्टँड तं लहान हाये."

सिंदखेडराजाला मात्र टाळी वाजत नाही. लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या दरवाजात ते चपला काढतात. "12 जानेवारी 1598," एवढंच म्हणतात, आणि पाहुण्यांना मोकळं सोडतात. समाधीपाशी गेल्यावर 1629 साली देवगिरीच्या किल्ल्यात लखुजीरावांना मुलांसकट दग्यानं मारलं, हे सांगताना त्यांचा आवाज असा चढतो, की जणू ती बातमी आजच्या पेपरात आलीय. इथं किती वेळ गेला ते कुणी मोजत नाही. गाडीत बसल्यावर ती भरपाई दुसरबीडला चहा रद्द करून होते.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून काकाजी जरा खचले आहेत. मुंबईचा माणूस नागपूरला जाताना आता मेहकरच्या स्टँडवर उतरून भजी खात नाही; दूरवरून मेहकर असं लिहिलेली पाटी वाचतो. "फाटा नसलेला रस्ता," काकाजी हळहळतात. त्यांच्या दृष्टीनं फाट्याशिवाय रस्त्याला अर्थ काय? माणूस चढणार कुठून?

गेल्या होळीला आमच्या शेजाऱ्यांच्या जावयानं सिंदखेडराजाहून परतताना "समृद्धीनं जाऊ, वेळ वाचेल" असा विषय काढला. नवी कोरी मोटार, सात माणसांची, आत पाच जण आणि काकाजी पुढच्या सीटवर. ते काही बोलले नाहीत, जुन्या रस्त्याकडे फक्त हात केला. बिबीच्या फाट्यावर शेगावला निघालेल्या एक आजी उभ्या होत्या. काकाजींनी काच खाली केली. सुलतानपूरला सैलानीच्या होळीसाठी नारळांचं पोतं घेतलेले एक चाचा आणि त्यांची बायको. पोतं टपावर जाईना, म्हणून जावयाच्या बायकोच्या पायांशी आलं. आजींनी नारळ कितीला पडला विचारलं, चाचांनी सांगितलं, आजींना तो महाग वाटला, आणि भाव, पाऊस, सोयाबीन असं बोलणं सुरू झालं. दोन्ही हाफ एव्हाना चाचांच्या मांडीवर होते. आरशातून मागे पाहण्याची सोय उरली नव्हती. जावयानं घाम पुसत विचारलं, "काकाजी, अजून कुणी घ्यायचं नाही ना?"

काकाजींनी मागे वळून डोकी मोजली.

"घाबरू नका, जावईबापू. मेहकरले तीन सीट उतरतात."