काकाजींचे किलोमीटर

काकाजी गाडी चालवताना रस्ता कमी पाहतात, आकडा जास्त. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात पगार विभागात नोकरी झाली आणि निवृत्तीच्या पैशातून इलेक्ट्रिक कार आली. "आपल्याच कोळशावर चालते जी!" हे वाक्य ते पाहुण्याला चहाच्या आधी देतात. (गाडीतून धूर निघत नाही हे खरं. तो ऊर्जानगरच्या चिमण्यांतून आधीच निघून गेलेला असतो.)

कागदावर एका चार्जला ३१२ किलोमीटर. पहिल्या उन्हाळ्यात पडद्यावर २१४ उमटले, तेव्हा काकाजी दोन वेळ जेवले नाहीत. मग त्यांनी आपल्या खात्यातली भाषा काढली: ३१२ हा ग्रॉस पगार, हातात येतो तो वेगळाच. कपाती त्यांना तोंडपाठ आहेत. चाचणीत गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर पळते, एसी बंद असतो, वेग नव्वदच्या वर जात नाही आणि बाहेर चंद्रपूरचा मे महिना नसतो. आपल्याकडे तीस युनिटांच्या बॅटरीतून एसीच तासाला एखादं युनिट सहज गिळतो. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट. इथवर सगळं त्यांना पटतं. पटत नाही ते एवढंच, की पडद्यावरचा आकडा हा नुसता अंदाज आहे. मागचे किलोमीटर कसे चालवले त्यावरून गाडी पुढचे किती निघतील ते ठरवते. शहरात रांगत फिरलात तर ती खुशीत मोठा आकडा दाखवते आणि हायवेला लागलं की तो भराभर खाली येतो. काकाजींच्या लेखी मात्र एकदा दाखवलं म्हणजे मंजूर झालं. कमी झालं तर ती लबाडी.

भाच्याच्या लग्नाला काकाजी, काकू आणि मी गडचिरोलीला निघालो. अंतर ऐंशीच्या आसपास. लोहारा सुटलं, गाडी नव्वदवर गेली आणि आकडा गळू लागला. चिचपल्लीच्या जंगलात काकाजी एकदम चाळीसवर आले. मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन थकला. "वाघाचं जंगल आहे, हळू चालवावं लागते!" त्यांनी हात बाहेर काढून सुनावलं. इतक्यात आकडा चारनं वाढला. वन्यजीवांवरचं असं प्रेम मी वनखात्यातही पाहिलं नाही.

मूल गाव मागे पडल्यावर एसी बंद. काकूंनी काच खाली केली, तर "हवा अडते ना!" म्हणून तीही वर. काकूंनी दुपट्टा बाटलीतल्या पाण्यात भिजवून डोक्यावर घेतला आणि वैनगंगेचा पूल येईपर्यंत शब्द बोलल्या नाहीत. मांडवात शिरल्यावर काकाजींनी आधी पंधरा अँपिअरचा प्लग कुठे आहे ते विचारलं, मग नवरदेव. व्याही रामराम करायला पुढे आले, तर त्यांच्या हातात हात देऊन म्हणाले, "चाललो ऐंशी, कापले शहाण्णव!"

परतीला काकू एसटीच्या लालपरीनं आल्या. बायकांना अर्धं तिकीट, खिडकी उघडी, आणि ड्रायव्हर समोर पाहतो. आमच्या बऱ्याच आधी घरी पोचून त्यांनी भातही टाकला होता. काकाजींनी गाडी लावली, पडदा पुन्हा एकदा नीट वाचला आणि ओसरीवरूनच ओरडले,

"अवो, तू नव्हतीस तर नऊ किलोमीटर वाचले!"

काकूंनी आतून भाताचं झाकण जोरात आपटलं.