पार्सल कशाला मागवता, वहिनी?

काय व वहिनी, आज सकाळपासून तुमची अंगणात एवढी धावपळ कसली? पुण्याहून व्याही येताहेत? मग बरोबर आहे. आणि जेवायला काय? ढाब्यावरून शेवभाजी? व माय! थांबा, हे कपडे वाळत टाकते आणि येते कंपाऊंडजवळ. हे लांबून बोलायचं काम नाही.

शेवभाजीला मी नावं ठेवत नाही बरं का. सोनगीरला हायवेवर राहून शेवभाजीला नावं ठेवली तर गावात राहू देतील का मला? पण ती तर मुंबई-आग्रा रोडला पावलोपावली मिळते. व्याही वाटेतच कुठेतरी हाणून येतील. तुमच्या घरी काय खाल्लं म्हणून सांगतील ते पुण्यात?

डुबुकवडे करा. हसता काय?

तुम्हाला ठाऊक आहे ना, माझं सासर इथलं तसं आजोळही इथलंच. किल्ल्याच्या बाजूला मोठी मायचं मातीचं, धाब्याचं घर होतं. आम्ही आखाजीला धुळ्याहून यायचो. अंतर म्हणाल तर 20 किलोमीटरच्या आसपास, पण आईची बोचकी, आमची खिडकीवरून मारामारी, असा थाट की जणू काशीला निघालो. एसटीतून उतरलं की वर किल्ला दिसायचा आणि तांबटांची ठोकठोक कानावर यायची. मोठी माय दारातच आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची, मगच आत घ्यायची.

आखाजीच्या दिवशी खापरावरची पुरणपोळी, आमरस, झोके, गौराईची गाणी. त्याचं कौतुक जो तो करतो. मला विचाराल तर खरं जेवण आल्या रात्रीचं. उन्हानं, प्रवासानं जीव शिणलेला, आणि चुलीवर रस्सा रटरटतोय. 'पोट भरीसन जेव' एवढंच म्हणायची ती. लाड बिड काही नाही, पण ताट रिकामं दिसू द्यायची नाही.

आता नीट ऐका. हरभऱ्याची डाळ घ्या, तीत मूठभर मठाची. तीन-चार तास भिजवा, मग चाळणीवर पूर्ण निथळू द्या. वाटताना थेंबभर पाणी घालायचं नाही. लसूण, जिरं, हिरवी मिरची, हळद, मीठ तिच्यातच. मिक्सरला लावलीत तर थांबत थांबत फिरवा. डाळ गुळगुळीत झाली की वडा घट्ट बसतो, मग बसा चावत. डाळीचा कण दाताखाली आला पाहिजे. शेवटी कोथिंबीर.

रश्श्याला कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजायची ती. तुम्ही चिमट्यात धरून गॅसवर भाजा, चांगले काळे डाग पडू द्या. त्यात लसूण, आलं, धणे, लाल मिरच्या घालून वाटा आणि तेलात परता. कडेनं तेल सुटल्याशिवाय पाणी ओतायचं नाही, आणि ओताल ते गरमच. इथे हात आखडलात तर तर्री विसरा.

पाण्याला खळखळून उकळी आली की मगच वडे सोडा, सुपारीएवढे. उकळी नसताना सोडले तर पसरतात आणि खाली पिठलं होतं. आणि सोडल्यावर पळी घालायची नाही! आधी बुडतात, शिजायला लागले की आपसूक वर येतात. आम्ही पोरं पातेल्यात डोकावून पैजा लावायचो, कोणाचा आधी वर येतो. माझा मामेभाऊ हळूच काडीनं ढोसायचा. पळीचा फटका बसायचा तोही त्यालाच.

पातेलं पितळेचं, इथल्याच तांबटानं घडवलेलं. वर्षाला कल्हई ठरलेली. भांडं तापवून नवसागर टाकला की भसकन पांढरा धूर निघायचा, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं की आत तोंड दिसायचं. तुमच्या माळ्यावरचं पातेलं काढणार असाल तर आधी कल्हई बघा. उडालेली असली तर स्टीलच बरं, नाहीतर आंबट घातलं की कळकलंच म्हणून समजा. लिंबू ताटात द्या.

सोबत कळण्याची भाकर. चार वाट्या ज्वारीला वाटीभर सालीचे उडीद आणि मीठ, असं दळून आणा. रश्श्यात कुस्करून खायची, वरून कच्चा कांदा. चमचे ठेवू नका, नाहीतर पाहुणे चमच्यानंच खातील.

त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेनं डुबुकवड्यात पनीर घातलं म्हणे! मोबाइलवर व्हिडिओही टाकला. मोठी माय असती तर पळी घेऊन तिच्या दारात गेली असती. तसं तिचं तरी काय चुकलं? सांगायला होतं कोण? बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून 1952 साली पुस्तक निघालं. आपल्या मायांच्या हातचं कोणी उतरवलं?

आणि हो, मोठी माय गेल्यावर वाटण्या झाल्या. कोणाला पोत हवी, कोणाला शेत. दोघी माम्या वर्षभर बोलत नव्हत्या एकमेकींशी, कारण विचारू नका, भिंतीलाही कान असतात. पाटा मात्र कोणालाच नको होता. मी मागितला तर हसले. तो माझ्या मागच्या अंगणात आहे, टाकी लावून घेतलाय, वरवंट्यासकट.

तर वहिनी, डाळ आत्ताच भिजत घाला. पाटा न्यायला दोघांना पाठवा, एकट्याला उचलायचा नाही. आणि संध्याकाळी माझ्या वाटचं बाजूला काढून ठेवा, वडे जास्त, रस्सा कमी.