पेशीमोजणी शिका: धामणगाव बढे आवृत्ती

ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे, सवड आहे आणि माणसाच्या एखाद्या आजाराचा उलगडा येत्या पोळ्याच्या आत करून टाकायचाय, अशा होतकरूंसाठी हे मार्गदर्शक आहे. मुक्काम धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. बाहेरून शास्त्रज्ञ बोलावणार असाल तर पत्ता पूर्ण द्या. नाहीतर पाहुणे अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेला उतरतात आणि तुम्ही मलकापूर स्टेशनावर बर्फाचा डबा धरून उभे.

आधी आजार निवडा. परदेशी आजार शिकाऊंना परवडत नाहीत, आणि आपल्या जिल्ह्यात तशी गरजही नाही. डिसेंबर २०२४ पासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले. डोकं खाजायचं, केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. १८ गावांत २७९ माणसं. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी पाण्यातल्या नायट्रेटला, आणि वाहिन्यांनी तर ‘टक्कल व्हायरस’ म्हणून बारसंही उरकलं. तुमच्या कामाला याहून चांगला आजार मिळायचा नाही. केसाच्या मुळाशी नाना जातींच्या पेशी नांदतात: भराभर विभागणाऱ्या, रंग भरणाऱ्या, खालून हुकूम सोडणाऱ्या, शिवाय पहाऱ्यावरच्या रोगप्रतिकारक पेशी. यांतली कोणती आधी बसली, हे पेशी सुटी करून विचारल्याशिवाय कळत नाही.

इथं एक अडथळा येतो, तो आधीच सांगून ठेवतो. तुम्ही पेशी मोजणाऱ्या यंत्राचं कोटेशन मागवेपर्यंत महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर गावात येऊन गेलेले असतात. हे तेच, ज्यांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिन वापरून माणसं वाचवली. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासायला दिला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सांगितलं की दोष सेलेनियमचा आहे: रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या ६०० पट असल्याचं त्यांचं म्हणणं. एप्रिलमध्ये त्याच भागातून नखं गळाल्याच्या बातम्या आल्या. सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही जातात, हे चीनमधल्या एन्शीत १९६० च्या दशकातच दिसलं होतं. थोडक्यात, एकही पेशी न मोजता निम्मं काम झालं. होतकरूंनी खचू नये. उरलेलं निम्मं काम तसंच पडून आहे, आणि ते पुढे येईल.

आता तंत्र. कापूस जिनात गेला की सगळ्या शेतकऱ्यांचा माल एका ढिगात पडतो. गाठ हातात येते तेव्हा कोणाच्या बोंडात कवडी होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. जुन्या पद्धतीत कातडीचा तुकडा वाटून त्यातला आरएनए, म्हणजे चालू जनुकांची नक्कल, मोजायचे, ते असंच. २००९ मध्ये एकाच पेशीतला आरएनए वाचून दाखवला गेला, आणि २०१५ मध्ये तेलातल्या थेंबांची युक्ती आली: एका थेंबात एक पेशी आणि एक मणी, मण्यावर त्या पेशीचा बारकोड. मग सगळं एकत्र वाचलं तरी कोणतं जनुक कोणत्या पेशीत बोलत होतं ते मागाहून लावता येतं. म्हणजे प्रत्येक बोंडाला शेतकऱ्याचा सातबारा क्रमांक बांधून मगच जिनात सोडायचं. थेंबात कधी दोन पेशी शिरतात. त्यांना नवीन जात समजून बारसं करू नका. वाहिन्यांनी ते आधीच करून ठेवलंय.

नमुना घेणं हे या विद्येतलं सगळ्यात कमी शिकवलं जाणारं आणि सगळ्यात जास्त बिघडणारं काम. टाळूतून चार मिलिमीटरचा गोल तुकडा घ्यावा लागतो. केस उपटून मुळाच्या पेशी मिळवता येतात, पण रुग्णाकडे नेमके तेच नाहीत. तुकडा एन्झाइममध्ये ३७ अंशांवर ठेवून पेशी सुट्या करायच्या. या शेकोटीत पेशी घाबरतात आणि फॉस, जुन अशी ताणाची जनुकं चालू करतात. पुढे संगणक दिमाखात सांगतो की रुग्णाच्या पेशी ताणाखाली आहेत. त्या होत्याच, पण तो ताण तुम्ही दिलेला. मेलेल्या पेशी ओळखायच्या तर त्यांच्यात मायटोकाँड्रियाचा आरएनए फार भरतो. वरची मर्यादा पाच टक्के ठेवायची की वीस, यावर मोठमोठे लोक भांडलेत. तुम्ही जो आकडा निवडाल तो आधी लिहून ठेवा. निकाल बघून निवडू नका.

संगणकाचं काम मात्र खरोखर गावात बसून करता येतं, यात थट्टा नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे, जगभरचा डेटा उतरवून घेता येतो. सराव सगळे जण एकाच फाइलवर करतात: एका निनावी, निरोगी माणसाच्या रक्तातल्या २,७०० पेशी. त्या माणसाची जगात जितकी चौकशी झाली तितकी सोयरीक जुळवतानाही होत नाही. स्वतःची फाइल मोठी असेल तर लॅपटॉप मधेच दम तोडतो. हा विषय महावितरणकडे नेऊ नका, मेमरी वाढवा.

शेवटी पडद्यावर रंगीत ठिपक्यांची बेटं उमटतात: एक ठिपका म्हणजे एक पेशी, एक बेट म्हणजे सारख्या पेशींची एक जात. या चित्राच्या प्रेमात पडणं हा शिकाऊचा पहिला आजार. दोन बेटांमधलं अंतर मोजून नाती जुळवू नका, त्या अंतराला फारसा अर्थ नसतो. आणि बेटं किती, हे एका बटणावर ठरतं: आकडा वाढवला की आठाची अठरा होतात. तरी या बेटांची टिंगल मर्यादेत ठेवा. २०१८ मध्ये दोन गटांनी अशाच नकाशात श्वासनलिकेतली आयोनोसाइट नावाची पेशी पकडली. संख्येनं शंभरात एकही भरत नाही, पण सिस्टिक फायब्रोसिसमध्ये बिघडणारं जनुक सर्वांत जोरात तिच्यातच चालू असतं. ढिगात मोजत बसलो असतो तर ती कधीच हाती लागली नसती.

आता हिशेबाची जागा, आणि इथं मी थोडा कडक होणार आहे. तीन रुग्णांकडून तीस हजार पेशी आणल्या तर तुमच्याकडे तीसच माणसं... तीसही नाहीत, तीनच आहेत. एका डोक्यातल्या दहा हजार पेशी एकमेकींच्या साक्षीदार धरता येत नाहीत. त्यांनी एकच गहू खाल्लाय, एकच ताप अंगावर काढलाय. पेशीला माणूस धरून आकडेमोड केली की शेकडो जनुकं खोटीच ‘बदललेली’ दिसतात, हे २०२१ मध्ये नीट मोजून दाखवलं गेलं. तेव्हा प्रत्येक माणसाच्या, प्रत्येक जातीच्या पेशींची आधी बेरीज करा आणि मग माणसाशी माणूस ताडा. निकाल लहान होतो. पेपर कमी देखणा होतो. चालेल.

निरोगी माणसं कुठून आणणार? सोपा मार्ग म्हणजे पुण्यातलं वसतिगृह. मुलं पैशाला तयार असतात आणि त्यांना भरपूर केस असतात. मग शेगाव तालुका आणि पुणे यांच्यात जो फरक निघेल, तो वयाचा, पाण्याचा, ज्वारीचा आणि मेसच्या पनीरचा असेल. तयार नकाशाशी ताडायचं म्हणाल तर २०२५ मध्ये आशियातल्या पाच देशांतल्या, भारत धरून, ६१९ जणांच्या रक्तपेशींचा मोठा नकाशा छापून आला आहे. पण तो रक्ताचा. टाळूचं काही त्यात नाही.

खरा शेजारी हवा. त्याच गावातला, त्याच रेशन दुकानाचा, त्याच पोत्यातला गहू खाल्लेला, जमलं तर त्याच घरातला, आणि तरीही केस शाबूत असलेला. एकाच चुलीवरची पोळी खाऊन एकाचं टक्कल झालं आणि दुसऱ्याचं नाही, ते का? बावस्करांनी सोडलेलं निम्मं काम हे. पेशीमोजणीचा खर्च एकेका नमुन्याला लाखांत जातो, आणि माझ्या मते या जिल्ह्यात तो एवढ्याच प्रश्नावर करावा.

अशा माणसाकडे जाताना नैतिकता समितीची मंजुरी आणि मराठीतलं संमतीपत्र बरोबर ठेवा. तो विचारेल, “म्हणजे माझे केस नाही गेले म्हणून तुम्ही माझं डोकं कापणार?” हो म्हणा. टाका पडेल, छोटा डाग राहील, तुम्हाला थेट फायदा काही नाही, हेही सांगा, आणि ते संमतीपत्रात मोठ्या टायपात छापा. त्यानं सही केली तर यंत्राची वेळ नक्की करा, रुग्णाचा आणि त्याचा नमुना एकाच दिवशी चालवा. नाही केली तर चहा घ्या आणि निघताना घरातला पसाभर गहू तपासायला मागून घ्या. तो बहुतेक देईल.