आत की बाहेर

बास्केटबॉल हा फक्त उंच माणसांचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला नागपुरात आमच्या क्लबाच्या राखीव बाकावर बसलेलं पाहिलेलं नाही. उंची पाच फूट चार इंच. सामना पुरता हातातून गेला की कोच माझ्याकडे बघत आणि मैदानात पाठवताना एकच सूचना देत, ‘‘कोणाच्या पायात येऊ नको.’’ पुढे बँकेत लागलो आणि तपासणी खात्यात रमलो. न जुळणारा एक रुपया शोधायला मी रात्री आठपर्यंत थांबत असे. मॅनेजर म्हणत, खिशातला देतो, पण घरी जा. मी जात नसे.

बाकावर बसायची सवय आणि बेरजांचा नाद, या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की तो प्लेऑफच्या शर्यतीचा चाहता होतो. संघ मात्र चांगला निवडायला हवा. मी अमेरिकेच्या एनबीए लीगमधला मिनेसोटा टिंबरवुल्व्हज निवडला. दोष केव्हिन गार्नेटचा. पहाटे टीव्हीवर त्याला पाहिलं आणि संपलं. २००४ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि लेकर्सकडून हरला. २००७ मध्ये गार्नेट बॉस्टनला गेला आणि पुढच्याच वर्षी अजिंक्यपद मिळवून मोकळा झाला. मी मिनेसोटातच राहिलो. २००९ च्या ड्राफ्टमध्ये आमच्याकडे पाचवी आणि सहावी, अशा लागोपाठ दोन निवडी होत्या. आमच्या लोकांनी दोन्ही वेळा पॉइंट गार्ड उचलले, रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन. सातव्या निवडीत गोल्डन स्टेटने जो पॉइंट गार्ड घेतला त्याचं नाव स्टीफन करी. हे वाक्य मी आजही उभ्याने लिहू शकत नाही.

२००४ नंतर तेरा हंगाम प्लेऑफ नाही. मग आला २०१७-१८ चा हंगाम.

तेव्हा एका विभागात पंधरा संघ, प्रत्येकाचे ८२ सामने आणि त्यातले वरचे आठ प्लेऑफला, असा सरळ हिशेब होता. ह्यूस्टन आणि गोल्डन स्टेट वर कुठेतरी ढगात होते. खाली तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सात संघ एकमेकांच्या उरावर बसलेले. आज तिसरा असलेला दोन सामने हरला की आठवा. मी वहीत रकाने आखले. जय-पराजय सारखे झाले तर आधी आपसातले सामने बघायचे. तिघांची बरोबरी झाली तर त्यात गटविजेता कोण आहे ते आधी. हिला वाटलं, मी पीएफच्या व्याजाचं काही काढतोय, म्हणून तिने आठवडाभर चहा न मागता दिला.

अशा शर्यतीत माणसाचं चारित्र्य बिघडतं, हे कोणी सांगत नाही. मार्चमध्ये मी मिनेसोटाचे सामने कमी आणि इतरांचे पराभव जास्त पाहिले. सॅन अँटोनिओशी माझं काही वाकडं नाही, मी त्यांच्या गावी गेलेलो नाही; पण त्यांचा फ्री थ्रो चुकला की पहाटे सहाला मी टाळी वाजवायचो. युटाचं कोणी लंगडलं की आधी बरं वाटायचं, मग देव्हाऱ्यासमोर उभं राहून माफी. ती माफी मंजूर होत नसावी, कारण त्याआधीच, २३ फेब्रुवारीला, आमच्याच जिमी बटलरच्या गुडघ्यातली गादी फाटली होती.

मिनियापोलिसला जाण्याचं अधिकृत कारण बारसं. भाच्याला मुलगा झाला होता. बारसं एप्रिलच्या मध्यावर धरावं, तेव्हा तिकडे हवा छान असते, असं मी ताईला सुचवलं. १४ एप्रिल, शनिवार ठरला. त्याआधी ११ तारखेला, बुधवारी, साखळीचा शेवटचा सामना मिनियापोलिसमध्ये आहे, हा योगायोग. ‘‘योगायोग वहीत लाल शाईने लिहितात का?’’ हिने विमानात विचारलं.

शहराबद्दल थोडक्यात: मिसिसिपी नदी आहे, तिच्यावर दगडी कमानींचा जुना रेल्वेपूल आहे, एका बागेत भलामोठा चमचा आणि त्याच्या टोकावर चेरी आहे. सगळं पाहिलं. एप्रिलमध्ये नागपुरात पंख्याखाली भिजलेला टॉवेल घेऊन बसतात. इथे मी भाच्याच्या कोटात होतो आणि त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे होत्या.

आणि वही? ती बुधवारपर्यंत एका ओळीवर आली होती. मिनेसोटा ४६-३५. डेन्व्हर ४६-३५. दोघांचा शेवटचा सामना एकमेकांशी. जिंकेल तो आत, हरेल तो घरी. शेवटच्या दिवशी दोन संघ असे समोरासमोर येणं १९९७ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. तेव्हा वॉशिंग्टनने क्लीव्हलँडला हरवलं होतं. इतके महिने केलेली बेरीज निकामी झाली, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

सामना सातला. भाचा ऑफिसातून परस्पर येणार होता. माझं तिकीट छापून खिशात. निघताना त्याने फोनवर सांगितलं, ‘‘मामा, स्कायवेने जा. बाहेर पडायचीच गरज नाही. पंधरा मिनिटं.’’

स्कायवे म्हणजे इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारे काचेचे बंद पूल. पहिला १९६२ मध्ये बांधला. आता हे जाळं साधारण पंधरा किलोमीटरचं आहे आणि ऐंशीएक चौकांना जोडतं. हिवाळ्यात माणसं कोट न घालता घरून ऑफिसला, ऑफिसमधून दंतवैद्याकडे जाऊन परत येतात. कल्पना उत्तम. फक्त प्रत्येक इमारतीचा मालक वेगळा, दारं बंद करण्याची वेळ वेगळी आणि पाट्यांबद्दलचं मत वेगळं. शिवाय आपण रस्त्यावर नसल्याने रस्त्यांची नावं कळत नाहीत. सूर्य दिसतो, पण तो पाच काचांत दिसतो.

मी बँक, केशकर्तनालय, बंद झालेलं सँडविचचं दुकान असा निघालो. मग पुन्हा केशकर्तनालय. ते तेच आहे की दुसरं, यावर मी विचार करत होतो, तेवढ्यात समोरून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. अंगात डेन्व्हरची जर्सी, पंधरा नंबर, म्हणजे निकोला योकिच. शत्रू. मी त्यांना सामन्याचं ठिकाण, टार्गेट सेंटर, कुठे विचारलं आणि त्यांनी त्याच क्षणी मला तेच विचारलं.

गृहस्थ निवृत्त पोस्टमन निघाले. आयुष्यभर कोलोरॅडोत लोकांचे पत्ते शोधले. डेन्व्हरहून एकटे गाडी चालवत आले होते, चौदाशे किलोमीटरच्या वर, न चुकता. चुकले ते शेवटच्या पाचशे मीटरला. पत्ता कसा शोधायचा हे मला शिकवू नका, असं म्हणून त्यांनी डावीकडे वळण घेतलं. ते दार बंद होतं. मी म्हटलं, पद्धतशीर जाऊ, आधी सगळी उजवी वळणं संपवू. ती आम्हाला एका उंच काचेच्या छताखालच्या चौकात घेऊन आली. चौक सुंदर होता. पुढच्या अर्ध्या तासात तो आम्ही वेगवेगळ्या दिशांनी पुन्हापुन्हा पाहिला.

चालता चालता आमची बेरजांवर गाडी आली. त्यांच्याही खिशात कागद होता! त्यांचा संघ लागोपाठ सहा सामने जिंकून आला होता. त्यातला एक सहाच दिवसांपूर्वी, आमच्याविरुद्ध, १००-९६. युटा हरावं म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. ‘‘माझी बायको गेल्या वर्षी वारली,’’ ते मध्येच म्हणाले, ‘‘नाहीतर तिने मला हा असला प्रवास करू दिला नसता.’’ मग बराच वेळ दोघंही बोललो नाही. मी त्यांना उजवीकडे वळू दिलं, डावं बरोबर आहे असं वाटत असूनही.

सात वाजून गेले. एका टेबलामागे पहारेकरी होता, मूळचा सोमालियाचा. या शहरात सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे. त्याच्या फोनवर सामना सुरू होता. बटलरने बॉल घेतला होता. मी तंद्रीत तिथेच उभा राहिलो, पोस्टमनकाका पाठीमागून वाकून बघायला लागले, आणि ज्या सामन्यासाठी दोन खंड ओलांडून आलो तो मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर एका तळहाताएवढ्या पडद्यावर बघू लागलो. तेवढ्यात हिचा फोन.

‘‘अहो, टीव्हीवर दाखवतायत, खच्चून भरलंय. तुम्ही कुठे दिसत नाही.’’

‘‘मी स्कायवेत आहे.’’

‘‘अजून? मग बाहेर पडा ना!’’

मी तिला स्कायवेचं तत्त्व समजावून सांगायला लागलो. पहारेकऱ्याला मराठी येत नसावं, पण सूर कळला. तो उठला, किल्ल्यांचा जुडगा काढला, जिन्याने आम्हाला खाली नेलं आणि रस्त्याकडचं दार उघडलं. समोर, एका चौकाच्या पलीकडे, इमारतभर उंचीचे दिवे लावून टार्गेट सेंटर उभं होतं.

आत पोचलो तेव्हा दुसरा क्वार्टर निम्मा झाला होता. भाच्याने विचारलं, ‘‘स्कायवेने नाही आलात का?’’ मी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि बसलो.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण बहुतेक वेळ माझ्या पुढचा माणूस उभा होता आणि माझी उंची तुम्हाला आता माहीत आहे. मिनेसोटा पुढे होतं, मग शेवटच्या मिनिटांत डेन्व्हरने ते अंतर खाऊन टाकलं. योकिचने एकट्याने ३५ गुण केले. जड, सावकाश, सरकारी कचेरीत फाईल सरकावी तसा हा माणूस खेळतो आणि फाईल मंजूर होते. १०१-१०१. शेवटच्या क्षणी बॉल त्याच्याच हातात, आणि अंगावर आमचा ताज गिब्सन, उंचीने कमी. गिब्सनने त्याला शॉट मारू दिला नाही. राखीव बाकावरच्या सगळ्या बुटक्या माणसांच्या वतीने मी खुर्चीवर चढलो. भाच्याने खाली उतरवलं.

ओव्हरटाइम. ८१ सामने, ८२ वा सामना आणि वर आणखी पाच मिनिटं! बटलर दोनच सामन्यांपूर्वी दुरुस्त गुडघा घेऊन परतला होता, त्याचे ३१. आमच्याच टाउन्सचे २६ गुण आणि १४ रिबाउंड. शेवटी अँड्र्यू विगिन्स फ्री थ्रोच्या रेषेवर गेला तेव्हा सुमारे एकोणीस हजार माणसं गप्प होती. दोन्ही गेले आत. ११२-१०६.

सामन्यानंतर दारापाशी पोस्टमनकाका भेटले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून अभिनंदन केलं. मी जिंकलो होतो, गार्नेटनंतर पहिल्यांदाच, आणि तरी मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या संघाने ४६ सामने जिंकले होते. पूर्व विभागात ४४ जिंकणारे संघ त्या रात्री सहावे-सातवे म्हणून निवांत झोपले. ४३ जिंकणारं वॉशिंग्टन आठवं म्हणून आत. डेन्व्हर रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलं आहे एवढ्यासाठी ४६ वाले बाहेर! नकाशावरची एक रेघ कोणीतरी आखली आणि तिच्यावर कोणाला अपील करता येत नाही. बँकेत असा ताळेबंद मी कधीही पास केला नसता. पश्चिमेत तिसरं पोर्टलंड ४९ आणि नववं डेन्व्हर ४६. मध्ये जेमतेम तीन सामने. काकांनी सकाळीच परतीला निघणार असं सांगितलं. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. रस्त्याने. गाडी पटकन सापडली.

ते निघाले हे बरंच झालं. शुक्रवारपासून हिमवादळ सुरू झालं आणि रविवारपर्यंत फुटाहून जास्त बर्फ पडलं. बारशाला पाहुणे आलेच नाहीत. ‘‘एप्रिलच्या मध्यावर हवा छान असते,’’ असं ताई सगळ्यांना फोनवर ऐकवत होती. पाळण्यावरची गाणी आम्ही चौघांनी म्हटली. बाळाच्या कानात नाव सांगायची पाळी माझी आली, तेव्हा त्याच्या आधी ‘११२-१०६’ असं हळूच सांगून टाकलं. त्याने जांभई दिली.

आठव्या क्रमांकाला पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा संघ मिळतो, म्हणून आम्हाला ६५ सामने जिंकलेलं ह्यूस्टन मिळालं. त्यांनी चौथ्या सामन्यात एकाच क्वार्टरमध्ये ५० गुण केले आणि आम्हाला ४-१ असं घरी पाठवलं. पुढच्या नोव्हेंबरात बटलर संघ सोडून गेला आणि त्या हंगामात आम्ही पुन्हा प्लेऑफच्या बाहेर. डेन्व्हर दुसरं आलं. आता नियमही बदललेत. सातव्या ते दहाव्या क्रमांकाला शेवटी वेगळे सामने खेळवून आणखी एक संधी देतात. मला तो नियम मुळीच आवडत नाही, अर्थात आम्ही त्या रात्री हरलो असतो तर फार आवडला असता.

डेन्व्हर २०२३ मध्ये पहिल्यांदा अजिंक्य झालं. त्या वर्षी पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर आलेला आठव्या क्रमांकाचा संघ म्हणजे मिनेसोटा. निकाल डेन्व्हरच्या बाजूने, ४-१.