सोळा की अठ्ठेचाळीस

दहावीला बीजगणितात मला 35 मार्क पडले. त्यातले शेवटचे पाच कोणाच्या दयेने पडले, हे आमच्या घरात अजून कोणी विचारत नाही. अशा माणसाने भास्कराचार्यांच्या नावाने निघालेल्या मठाची जागा बघायला जावं, हा शुद्ध आगाऊपणा. पण आमचे साडूभाऊ गणिताचे निवृत्त शिक्षक, आणि गाडी त्यांची.

चाळीसगावाहून अठराएक किलोमीटरवर, सातमाळ्याच्या कुशीत पाटणादेवी. आपण तिथे देवीला जातो, नारळ फोडतो, परत येतो. यादवांच्या काळात मात्र इथे पाटण नावाचं नांदतं गाव होतं. आता महादेवाचं दगडी देऊळ आहे, वर कन्हेरगड आहे आणि मधे गाव असायचं तिथे झाडी आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात इथला शिलालेख उजेडात आणला, तेव्हाही गाव ओसच होतं.

लेख शके 1128चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. (वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेले ते चांगदेव निराळे, तेही आमच्याच जिल्ह्यातले, म्हणून घोटाळा होतो.) आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला नेमणूक करून दिली. माझे आजोबा मागे फक्त उधारीची वही ठेवून गेले, तिचा मठ काढावा असं आमच्यात कोणाला वाटलं नाही.

खरी गंमत लेखाच्या शेवटी. वरची स्तुती सगळी संस्कृतात, पण देण्याघेण्याचा तपशील आला की लेख सरळ मराठीत उतरतो. पाटणात जो माल विक्रीला निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला, घाण्यामागे तेल मठाला. कौतुक संस्कृतात आणि तेलाचा हिशोब मराठीत, ही सोय आपण तेव्हापासून सांभाळून आहोत.

म्हणजे इथे माल होता, गिऱ्हाईक होतं, घाणे होते. आणि आम्हाला एक कप चहा मिळेना! मंगळवार नव्हता, नवरात्र नव्हतं, प्रसादाची दुकानंही ताडपत्री ओढून झोपलेली. एक म्हातारे गुराखी दिसले. मी माझी मोडकी अहिराणी काढली, "बाबा, आठे चहा भेटी का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आठे देवी भेटी भाऊ, नहीते बिबट्या भेटी."

गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत हे उत्तर नुसतं विनोदी नसतं. आम्ही देवी पत्करली.

पुढे साडूभाऊंना गडावर नागार्जुन लेणं बघायचं होतं. पहिल्याच चढावर मला चाळीसगावचे केकी मूस आठवले. केवढे मोठे छायाचित्रकार, पण दशकानुदशकं आपल्या बंगल्याच्या बाहेर पडले नाहीत. लोक त्याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला त्या घटकेला ते चाळीसगाव तालुक्यातले सर्वांत शहाणे गृहस्थ वाटले.

शेवटी महादेवाच्या देवळाजवळ फडकं सोडलं. पाच कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा. समोर झाडावर वानरं. ती पाहताच साडूभाऊंमधला मास्तर जागा झाला.

"भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं उदाहरण आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतोय आणि उरलेली बारा टेकडीवर ओरडताहेत. तर एकूण वानरं किती?"

मी बोटाने मोजली. "सोळा."

"शाब्बास! कसं काढलं?"

"समोर बसलीत की."

साडूभाऊंनी कपाळाला हात लावला. "उत्तरं दोन येतात. सोळा, नाहीतर अठ्ठेचाळीस. दोन्ही बरोबर." आणि काडी घेऊन ते धुळीत समीकरण मांडायला उकिडवे बसले. मी चाळीस वर्षांनी, स्वखुशीने, बीजगणित समजून घ्यायला खाली वाकलो. चौसष्टाने गुणून सगळं एका बाजूला आणलं होतं. दोन वेगवेगळी उत्तरं एकाच वेळी बरोबर कशी, हे आता कळणार, अगदी कळणारच, एवढ्यात मागे फडफडलं.

अठ्ठेचाळीस हे उत्तरही बरोबर होतं. बाकीची बत्तीस देवळामागे होती.

पाच वजा पाच हे मला तोंडी आलं. भाकरी गेल्या, कांदा गेला, फडकंही गेलं. ठेच्याला मात्र एकानेही हात लावला नाही. त्यावरून ती खानदेशाबाहेरची असावीत.

साडूभाऊंचं समीकरण अर्धवट धुळीत राहिलं. ते म्हणाले, पुढच्या खेपेला पुरं करू. मी म्हटलं, पुढच्या खेपेला घरच्या सगळ्यांना आणू, कोणीतरी भाकरींवर बसेल.

चहा मिळाला तो दुपारी तीनला, चाळीसगाव स्टेशनसमोर. तुम्ही जाणार असाल तर तो आधीच पिऊन निघा. पाटणची बाजारपेठ बंद आहे.