माडांना जांभळा काठ

मुंबईहून आलेल्या भाच्याने दाभोळच्या जेटीजवळ, भर बाराच्या उन्हात, आत्याला माडाखाली उभं केलं. वर झावळ्या, मागे आदिलशाही मशिदीचा घुमट नि मिनार. भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं की मागचं धूसर येतं, एवढी विद्या त्याला नुकतीच प्राप्त झाली होती. २००३पासून वाशिष्ठी ओलांडणारी धोपाव्याची फेरीबोट गाड्या उतरवेपर्यंत पन्नास फोटो काढून झाले.

रात्री लॅपटॉप उघडला. झावळीझावळीला जांभळी किनार, मागच्या मिनारांना हिरवट.

"माडांना काठ कुणी लावला रे?" आत्याने विचारलं.

दोष काचेचा. ती निळ्या किरणांना तांबड्यांपेक्षा जास्त वाकवते, मग सगळे रंग एका जागी जमत नाहीत. न्यूटनने यावर उपायच नाही असं ठरवून १६६८मध्ये सरळ आरशाची दुर्बीण केली. उपाय सापडला चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाला, १७३०च्या आसपास: क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा जोडायच्या, एकीची खोड दुसरी बरीचशी जिरवते. बातमी फुटू नये म्हणून त्याने दोन भिंगं दोन वेगळ्या कारागिरांकडे टाकली. सांगतात की दोघांनीही काम परस्पर जॉर्ज बास नावाच्या एकाच माणसाकडे सरकवलं! आत्याला यात काही नवल वाटलं नाही. शिंप्यांचा अनुभव दांडगा. पुढे १७५८मध्ये पेटंट मिळालं ते मात्र जॉन डॉलंडला.

उरलेली खोड काढायला भाच्याने लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या चौकटीत टिचकी मारली. तांबड्या-निळ्या थरांचा आकार हिरव्याशी जुळला आणि फोटोच्या कोपऱ्यांतली किनार गेली. झावळ्यांची हलेना; ती पडली फोकसच्या घोळातली. तिच्यासाठी 'डीफ्रिंज'ची वेगळी पट्टी असते. ती हळूहळू सरकवायची असते, पण सुट्टी दोनच दिवसांची. त्याने टोकापर्यंत ओढली.

माड स्वच्छ झाले. आत्याच्या लुगड्याचा बारीक जांभळा काठही राखाडी झाला.

"भाऊबीजेचं लुगडं आहे ते. तुझ्या बापाने दिलेलं."

पट्टी शून्यावर आली. आता ब्रश घेऊन एकेक झावळ वेगळी रंगवायची, लुगड्याला धक्का न लावता. साडेअकरा वाजले तरी आत्या चष्मा लावून शेजारी बसलेली.

"ती डावीकडची राहिली. नाही, तिच्या खालची."